केडगावच्या गोदामातल्या चपला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती जायच्या आदल्या दिवशी तिच्या उशाशी बसलो होतो, शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि मी विचारलं काय, तर पाणी हवं का. मुलीला सांगायचा तर प्रश्नच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. त्यामुळे भीती थोडी कमी वाटते. थोडीच. अजूनही दुपारी कुणी दार जोरात वाजवलं की मी दाराकडे बघत नाही, आधी स्वतःच्या पायांकडे बघतो. चपला आहेत ना?

का, ते सांगतो. पण लगेच जमणार नाही. जरा वळसा घेऊ द्या.

नव्वदीच्या शेवटाला मी नगरच्या एका शाळेत संगीत शिकवत होतो. पन्नाशी जवळ आलेली. आमचं घराणं भिक्षुकीचं आणि मास्तरकीचं, शब्दाला मान असलेलं. संध्याकाळी घरी तबल्याची शिकवणी घ्यायचो. तिथं मिलिंद यायचा. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर कामाला होता, पंचविशीतला, सुटलेल्या शिफ्टचं ग्रीस नखांत घेऊनच यायचा. हात फार तयार नव्हता त्याचा. पण चूक झाली की स्वतःच मोठ्यानं हसायचा, आणि मग बाकीचेही चुकायला घाबरायचे नाहीत.

त्यानं एकदा एक कॅसेट आणली. श्रीरामपूरच्या सायमननं दिलेली. सायमन त्याचा मित्र, तिकडच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, तो परदेशातून असल्या कॅसेटी आणायचा. "हाऊस म्युझिक म्हणत्यात ह्याला, सर," मिलिंद म्हणाला. मी पाच मिनिटं ऐकलं आणि बंद केलं. धप, धप, धप, धप. तालात भरलेली जागा असते, सम. आणि रिकामी जागा असते, खाली. इथं तर प्रत्येक ठोका समेचाच. "ह्यात खाली कुठंय?" मी विचारलं. "कांडप गिरणी ऐकवतोस होय रे मला?"

तो म्हणाला, "सर, संपेस्तोवर ऐका की. खाली येती. लई उशिरा येती, पण येती."

आणि आली हो. सात-आठ मिनिटं तोच ठोका, त्यावर पियानोचे चार सूर, कुठल्याशा बाईची लांबून आल्यासारखी हाक. आणि मग ठोका कुणीतरी अलगद काढूनच घेतला. नुसती ती बाई उरली. मी खाली बघितलं तर माझा पाय ठेका धरून चाललेला! जे वाजत नव्हतं त्याच्यावर. तीस वर्षं तबला वाजवून असं मला कधी झालं नव्हतं. तुम्ही हसाल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग काय, नादच लागला. दर महिन्याला सायमन कॅसेटी घेऊन यायचा आणि आम्ही चांगलं हाऊस कुठलं आणि नुसता धुडगूस कुठला, हे निवडत बसायचो. त्या दिवसांत सिनेमाच्या गाण्यांना ढोलकं चिकटवून केलेलं रिमिक्स सगळीकडे वाजायचं. त्यापुढं हे म्हणजे निवांत पाणी होतं. चांगल्या हाऊसला घाई नसते. ते तुम्हाला थांबवून ठेवतं.

वादही घालायचो. गोव्याच्या रेव्ह पार्ट्यांच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या होत्या. नशा, धाडी, अटक. तर रेव्ह म्हणायचं तरी कशाला?

सायमन म्हणायचा, "हजार माणूस पाहिजे सर, मोकळं रान पाहिजे."

"मंग आमच्या गावची जत्रा रेव्हच की," मिलिंद. "रान हाय, माणूस हाय, हलगी हाय."

"जत्रेला देव असतो रे," सायमन.

"तुला लागत असंल. मला हलगी पुरती."

मी मात्र मास्तर. मला व्याख्या करायची खोड. मी म्हणालो, जिथं कोण कुणाचा हे विचारलं जात नाही, वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही आणि घड्याळाकडेही कुणी बघत नाही, ती रेव्ह. मग दहा माणसं का असेनात, भर दुपार का असेना. मिलिंदला पटलं नाही. "दहा डोकी न् दोन बॉक्स, ह्याला रेव्ह म्हणायचं म्हंजी बोरीला आंबा म्हणायचं, सर." पण मी सोडलं नाही. करूनच बघू, म्हणालो.

हे लक्षात ठेवा. *करूनच बघू* — हे मी म्हणालो होतो.

केडगावला पुणे रस्त्याच्या आतल्या बाजूला सायमनच्या ओळखीच्या व्यापाऱ्याचं कांद्याचं गोदाम होतं, त्या महिन्यात रिकामं. रविवार दुपार ठरली. आवाजाचं काय? शाळेत स्नेहसंमेलनासाठी घेतलेला अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे बॉक्स माझ्या संगीताच्या खोलीत असायचे. बॉक्सवर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव. किल्ली माझ्या खिशात. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी ती मिलिंदच्या हातात दिली. सायमन शेजारी उभा होता. "सोमवारी प्रार्थनेच्या आत परत," एवढंच बोललो. मुख्याध्यापकांना विचारलं नाही. कशाला विचारायचं? माझीच खोली.

रविवारी खिडक्यांना बारदान लावून अंधार केलेला. मिलिंदच्या शिफ्टमधली पोरं, सायमनच्या दोन मावसबहिणी, दोघी दवाखान्यात नर्स, आणि त्यांच्या मैत्रिणी. प्यायला सरबत होतं, सायमनच्या मावशीनं करून दिलेलं. मी दारातच सगळ्यांना चपला काढायला लावल्या. जिथं वाद्य, तिथं पायताण नाही. शिकवणीतही हाच नियम. पोरांनी मुकाट्यानं शटरजवळ रांगेत चपला लावल्या. माझ्याही त्याच रांगेत.

आणि वाजायला लागलं. जमिनीवर कांद्याची पातळ सालं पडलेली होती. बॉक्समधून खालचा सूर आला की ती सालं थरथरायची, नाचणाऱ्यांच्या पायांनी वर उडायची आणि फटीतून आलेल्या उन्हात तांबूस चमकायची. मीही नाचलो. मी! कुणी मला सर म्हणालं नाही, कुणी बघितलं नाही. मिलिंद जवळ येऊन कानात ओरडला, "सर, हरलो! हीच रेव्ह!"

तेवढ्यात शटरवर धडाधड मार बसला.

"आत पोरी हायेत! उघडा रे!" बाहेर माणसं जमली होती. कुणीतरी पोलिसांना आधीच बोलावलं होतं. ती भीती कशी सांगू? शाळा, संस्था, त्याच महिन्यात मुलीला बघायला येणारे पाहुणे... सगळं एकदम डोळ्यांपुढं. मिलिंदनं आवाज बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, तुमी मागनं निघा. आमी बघतो." मी एकदाही नको म्हणालो नाही. मागच्या दारानं अनवाणी पळालो, काट्यांतून, तापलेल्या डांबरावरून. घरी बायकोनं पाय बघून विचारलं. देवळातून चपला चोरीला गेल्या, म्हणालो.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. शाळेच्या नावाचे बॉक्स पोलिसांना गोदामात सापडले होते. संस्थेचे सचिव समोर बसलेले. "किल्ली तुमच्याकडे असते ना?" मी म्हणालो, घरी खुंटीवर असते. मग म्हणालो, शिकवणीला मुलं येतात.

एवढंच. नाव घ्यावंही लागलं नाही. पोलिसांकडून कळलेलं मिलिंदचं नाव सचिवांनीच घेतलं.

दुपारी त्यांच्या गाडीतून पोलीस ठाण्यात गेलो. बाकीच्यांना सोडलं होतं. मिलिंद व्हरांड्यातल्या बाकावर होता, शर्टाची बाही फाटलेली, ओठ सुजलेला. मला बघून तो उठला. त्याच्या चेहऱ्यावर — कसं लिहू मी हे? — त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. शेजारच्या हवालदाराला तो म्हणाला, "आमचे सर आले. आता सर सांगतील."

फौजदार साहेबांनी त्याच्यादेखतच विचारलं, "तुम्ही दिली का ह्याला किल्ली?"

"नाही," मी म्हणालो.

"हे रेव्ह का काय म्हणतात, तसलं होतं का?"

"तो तसंच म्हणायचा," मी म्हणालो. "मला त्यातलं काही कळत नाही."

मी सही केली. माझ्या शब्दाला कुणी पुरावा मागितला नाही. भिक्षुकाच्या घरचा मास्तर एका बाजूला आणि बौद्ध वस्तीतला लेथवाला दुसऱ्या बाजूला. का मागितला नाही, ते तेव्हाही मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर ते वाक्य एवढं सहज निघालं. सर तिथं होते, सर नाचले, एवढंच मिलिंद म्हणाला असता तर? त्यानं नुसतं माझ्या पायांकडे बघितलं. मी जुने बूट घातले होते.

त्याच्यावर चोरीचा गुन्हा लागला. कंपनीनं काढून टाकलं. पेपरात रेव्ह पार्टीची बातमी आली, नशेचा उल्लेख तिखटमीठ लावून. एकदा त्याची आई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "सर, माझ्या पोरानं चोरी केली न्हाई. तुमी येकदा सांगा की वो." मी म्हणालो, बाई, मी काय सांगणार. पोरं बघत होती म्हणून घाईनं आत गेलो. पुढं ते घर नगर सोडून गेलं. कुठं, ते मी विचारलं नाही. सापडतील, या भीतीनं विचारलं नाही.

मुलीचं लग्न झालं. मला निरोपाच्या समारंभात शाल मिळाली.

अजून एक राहिलंय. मघाशी ते मी गाळून पुढं गेलो, तुमच्या लक्षात आलं का? ज्या सोमवारी मी ठाण्यात ते बोललो, त्याच दिवशी दिवेलागणीला सायमन दारात आला होता. बायको स्वयंपाकघरात होती. त्याच्या हातात कापडी पिशवी. शटर फोडायच्या आत मिलिंदनं माझ्या चपला त्या रांगेतून उचलून, स्वतःच्या शर्टात दडवून सायमनच्या मावसबहिणीकडे दिल्या होत्या. पोलिसांना सापडू नयेत म्हणून. ओठ त्याचा नंतर फुटला. आत अजून कोण होतं, हे सांगेना म्हणून.

सायमननं पिशवी उंबऱ्यावर ठेवली. म्हणाला, "ठाण्यात मिलिंदला भेटून आलो. मी बोलणार होतो तिथं. त्यानं शपथ घातली. तो म्हणतो, सर आज घाबरले. रात्रभर झोपणार नाहीत, अन् उद्या येऊन खरं सांगतील. तेव्हा आपण मधे बोलून त्यांची शोभा करायची नाही." मी काही बोलतोय का, म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. मग गेला.

मी झोपलो. चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मिलिंद त्या बाकावर माझी वाट बघत होता. मी सकाळी पिशवी उघडली. चपलांना कांद्याची सालं चिकटली होती, ती झटकली. देवळातल्या चपला सापडल्या, असं बायकोला सांगितलं. त्या पायात घातल्या आणि शाळेत गेलो. पाचवीचा वर्ग होता. खोलीच्या दारात मुलांना म्हणालो, वाद्य आहे आत, चपला काढा. आणि माझ्याही काढून त्यांच्या रांगेत ठेवल्या.

किल्ली मी दिली होती. त्याला रेव्ह मी म्हणालो होतो. मिलिंदनं काहीही चोरलं नव्हतं.