शेवटून दुसरा फर्मा

माझी धाकटी बहीण पुस्तकांचं बाइंडिंग करते. आमच्या घराची पुढची खोली तिच्या ताब्यात आहे. तिथे पुठ्ठे, कापडाचे तुकडे, खळीचं पातेलं, दाभणं आणि एक अवजड लोखंडी प्रेस आहे. त्या प्रेसवर आपटून माझ्या पायाच्या करंगळीचा आकार कायमचा बदलला आहे. हे काम ती वडिलांकडून शिकली. मी शिकले नाही, कारण घरात कुणीतरी स्वयंपाक करणारं माणूस लागतं असं तेव्हा सगळ्यांचं मत होतं, आणि माझ्या बहिणीचं अजूनही आहे.

तिच्या लग्नाचं विचाराल, तर एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, दिसायला बरा. त्याने बोलता बोलता टेबलावरचं एक पुस्तक उचललं, मधोमध उघडून करकचून मागे मोडलं, पालथं घातलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. बहीण स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "ताई, त्याला घालव." मी घालवलं. त्यानंतर तिने त्या विषयाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि तिचं काही अडलंही नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक वाचनालय आहे. ते चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे ग्रंथपाल म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात. ते बहिणीला "बाइंडरबाई" म्हणतात आणि मला "ताई", वयाने माझ्याहून चांगले मोठे असूनही. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "तुमच्याकडे पाहिलं की ताईच तोंडात येतं." ही स्तुती नव्हती, एवढं मला कळतं.

वाचनालयात नवीन पुस्तक आलं की ते आधी बहिणीकडे येतं, कारण कागदी वेष्टनातलं पुस्तक वाचकांच्या हाती महिनाभरही टिकत नाही. ती ते उसवते. आत सोळा सोळा पानांच्या घड्या असतात, एका घडीला फर्मा म्हणतात. सगळे फर्मे सुटे करायचे, नव्याने शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. दोन दिवसांचं काम. फक्त एका मालिकेला तिला तीन तीन आठवडे लागायचे.

ती मालिका खुनांच्या तपासाची. एक फौजदार आणि एक प्रेतं तपासणारी डॉक्टरीण. दर वर्षी एक पुस्तक, दर पुस्तकात दोन-तीन मुडदे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी बहीण पानांचा क्रम तपासता तपासता वाचत बसली आणि उसवलेला पहिला फर्मा घेऊन तरातरा शेजारी गेली. "हे वाचा, आणि खून कुणी केला ते सांगा." ग्रंथपालांनी वाचला, चुकीचं उत्तर दिलं, आणि तिथून प्रथा पडली. एक फर्मा तिने वाचायचा, मग भिंतीपलीकडे द्यायचा. तो वाचून ते परत घेऊन येणार, दोघं त्यावर वाद घालणार, मग तो फर्मा शिवला जाणार, आणि त्यानंतरच पुढच्याला हात लावायचा. पुढचं आधी कुणी वाचायचं नाही. देवळातसुद्धा इतके कडक नियम नसतात. पलीकडे वाचक दारावर धडका देत असायचे आणि अलीकडे ही दोघं मुडद्याच्या बुटांवरच्या चिखलावर बोलत असायची.

पुढे पुढे मुडदे बाजूला राहिले. ग्रंथपालांच्या मनाने घेतलं की फौजदाराचं डॉक्टरणीवर प्रेम आहे.

"चौथ्या पुस्तकात त्याने तिला स्वतःची खुर्ची दिली," ते म्हणायचे.

"तिचे पाय दुखत होते. खुर्ची दिली म्हणून प्रेम?"

"सातव्यात जिन्यावरच्या खोकल्यावरून तिने त्याला ओळखलं."

"कान शाबूत आहेत तिचे. मैत्री आहे हो, निखळ मैत्री! बाई आणि पुरुष एका टेबलाशी बसले की तुम्हाला लगेच वरात दिसते."

हे ती बोलत असताना मी दारात उभी असायची आणि काय बघायची? ग्रंथपालांनी बशी झाकून आणलेला चहाचा ग्लास. आमच्या घरात चहा मिळत नाही असं नाही, पण त्यांच्या मते मी साखर कमी घालते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बहीण रोज पलीकडे जाऊन त्यांना फर्मा मोठ्याने वाचून दाखवायची. घरी मला साधं विजेचं बिल वाचून दाखवायला तिचा घसा बसतो. आणि गल्लीत पन्नास माणसं ये-जा करतात, पण एका विशिष्ट चपलेचा आवाज आला की हिचा हात केसांकडे जायचा. मी एकदा स्पष्टच बोलले, "अगं, तुझं त्या माणसावर मन बसलंय." तर खळीचा ब्रश माझ्यावर रोखून म्हणाली, "ताई, तू प्रेमकथा वाचत जाऊ नकोस." मी आयुष्यात एकही वाचलेली नाही. मी डोक्याला हात लावला आणि भाजी निवडायला गेले.

आणि मग शेवटचं पुस्तक आलं. लेखकानेच जाहीर केलं होतं, यानंतर मालिका बंद. ग्रंथपाल पुस्तक घेऊन आले आणि ते टेबलावर ठेवता ठेवता सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मुलगी फार मागे लागली आहे. एकटे राहू नका म्हणते. म्हटलं, एवढी मालिका संपली की वाचनालय आवरतो आणि जातो तिच्याकडे."

बहीण म्हणाली, "चांगलं आहे." आणि पुस्तक उसवायला घेतलं. त्या दिवशी तिने दाभण बोटात घुसवून घेतलं. इतक्या वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं.

फर्मे नेहमीसारखे जात-येत राहिले, फक्त वाद गुळमुळीत झाले. शेवटून दुसरा फर्मा वाचताना ती खिडकीशी बसली होती. वाचून झाल्यावर तशीच बसून राहिली. मग उठली, आतल्या खोलीत गेली आणि तो फर्मा आपल्या गादीखाली सारला. मी समोर उभी आहे हे तिच्या लक्षात होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "एक अक्षर बोलायचं नाही."

संध्याकाळी ग्रंथपाल आले. तिने सांगितलं, "एक फर्मा कमी आहे. छापखान्याची चूक असणार."

"अरेरे," ते म्हणाले. "मग आता?"

"आता काय, मिळेपर्यंत थांबायचं. नियम म्हणजे नियम."

ते जरा वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "थांबू."

तेव्हापासून गाडं जे अडलं ते अडलंच. मुलीचा फोन आला की भिंतीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा, "कसा येऊ? एक फर्मा सापडत नाहीये." ती बिचारी विचारत असणार की फर्मा म्हणजे काय, कारण ते तिला पहिल्यापासून समजावून सांगायचे. वाचकांनी वाचनालयात बोंबाबोंब केली. आणि मी त्या गादीची चादर रोज झटकायची आणि फर्मा होता तिथे परत ठेवायची. तळपायाची आग मस्तकात जायची, पण शब्द दिला नसतानाही मी पाळत होते, कारण त्या दिवसांत बहीण जेवायला बसली की अर्ध्यावरून उठायची. ती घाबरली होती. मोठी माणसं घाबरलेली बघवत नाहीत, त्यातून ती आपली धाकटी असेल तर मुळीच नाही.

शेवटी मुलगी स्वतःच आली. सतत कामात असलेली, बोलणं तुटक. येताना दोन तिकिटं घेऊन आली, आणि बापाला घेऊन थेट आमच्या पुढच्या खोलीत शिरली. पिशवीतून एक कोरं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. "घ्या बाबा. तेच पुस्तक, सगळी पानं आहेत, मी मोजलीत. आता गाडीत वाचून संपवा."

ग्रंथपालांनी पुस्तक हातात धरलं, पण उघडलं नाही. त्यांचा चेहरा पडला. बहीण तडक आत गेली, गादी उचलली, बाहेर येऊन फर्मा टेबलावर ठेवला.

"छापखान्याची चूक नव्हती. हा माझ्याकडे होता," ती म्हणाली. "फौजदार तिला लग्नाचं विचारतो यात. आणि ती हो म्हणते. तुमचं बरोबर होतं. झालं समाधान?"

"मला ठाऊक आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"हा फर्मा. पुस्तक आलं त्याच दिवशी वाचला. तुमच्याकडे आणायच्या आधी. धीर धरवला नाही."

माझ्या बहिणीचा जीव टांगणीला लागला होता, समोर मुलगी तिकिटं घेऊन उभी होती, आणि बाईंना राग कशाचा आला? "आधी वाचलंत? नियम मोडलात? सगळीच पुस्तकं आधी वाचत होतात की काय?"

"शपथेवर सांगतो, हे एकच."

"आणि मी सांगितलं कमी आहे, तेव्हा तोंडातून शब्द काढला नाहीत? मी लपवलाय हे कळलं होतं ना तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग मागितला का नाही?"

"मागितला असता तर तुम्ही दिला असता," ते म्हणाले. "मग मला जावं लागलं असतं."

मुलगी एकदा बापाकडे बघत होती, एकदा टेबलाकडे, आणि मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. बहिणीने हाताची खळ पदराला पुसली, जे ती दुसऱ्या कुणालाही करू देत नाही.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले, आणि सरळ खुर्चीत बसले.

मुलीने तिकिटं पिशवीत टाकली. "बाबा, हे फोनवर सांगितलं असतंत तर माझी रजा वाचली असती." पण डोळे तिचेही भरले होते. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून ती पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि बहीण तिला काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

मी स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला आणि ढसाढसा रडले. इतकी वर्षं जे होत नाही म्हणून मी दात-ओठ खात होते ते झालं होतं. पण आता ही पलीकडे राहायला गेली, तर या घरात मी भाजी कुणासाठी निवडणार, आणि भांडणार कुणाशी? हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेर त्या दोघांचा वाद सुरू झालाही होता. ती म्हणत होती, फौजदाराने नवव्या पुस्तकातच विचारायला हवं होतं, ते म्हणत होते, नवव्यात तिच्या हातात करवत होती.

बहीण आत आली. मला बघून दारातच थांबली.

"रडतेस कशाला? मी कुठेही जात नाहीये. तिकडे पुस्तकांतून पाय ठेवायला जागा नाही. तेच येतील इकडे."

"मला कुणी विचारलं?" मी नाक पुसत म्हटलं.

"तुला काय विचारायचं," ती म्हणाली. तिने माझ्या हातातून साखरेचा डबा घेतला आणि मी ठेवलेल्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली.