ट्रॅफिकमध्ये जेवलेली सवाष्ण

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून बेंगळुरूला आणलं, आणि महिना होतो न होतो तोच तिनं जाहीर केलं, "महालक्ष्म्या झाल्या की मी परत चालली. तुमच्या या गावात बोलाले माणूस नाही."

मी चिडलेच. माणूस नाही? अगं, हेब्बाळला आमच्या खिडकीसमोर परवापरवापर्यंत नारळाची बाग होती, तिथं आता टॉवरच टॉवर. माणसं नुसती उतू चाललीत!

"उतू चालली, पण दारं लावून," आई म्हणाली.

खरं सांगते, मला ती जायला नको होती. तिकडच्या रिकाम्या घरात ती एकटी चहा करून पिणार, हे मला बघवलं नसतं. म्हणून ठरवलं, महालक्ष्म्या अशा दणक्यात करायच्या की बाईनं पुन्हा नागपूरचं नाव काढू नये.

दणका म्हणजे सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील आणि जेवायला सवाष्ण. सवाष्ण जेवल्याशिवाय घरातल्या कुणी घास तोंडात घालायचा नाही, हा आमचा नियम. ऑफिसातल्या एका पुणेकर मैत्रिणीला आदल्या दिवशीच आमंत्रण दिलं होतं. ती राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी न खातापिता, पैठणी नेसून, स्वतः गाडी चालवत निघाली, ती दुपारी दोन वाजता फोनवर रडकुंडीला आलेली. "अगं, तुमच्या पुलाखाली आहे. अर्धा तास झाला, गाडी इंचभर हलली नाहीये!"

इकडे आईची शुगर. चेहरा उतरलेला, पण हट्ट कायम. मी म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या अक्कांना बोलावू, त्या आनंदानं येतील. तर म्हणे, "देवीपुढे हिचं नाव घेतलं नं मी. आता बदलते का सवाष्ण? पाहुणी आहे का भाजी आहे ते?"

"मग बस उपाशी!"

"बसते नं! काहून नाही बसणार?"

आतल्या खोलीत ऑनलाइन मीटिंगला बसलेला नवरा माइक म्यूट करून, दारातून डोकं काढून म्हणाला, "ती येत नाही, तर तुम्ही जा की ताट घेऊन." बिचारा चिडून बोलला होता. आईनं मात्र डबा काढला.

तर भर दुपारी आम्ही दोघी हेब्बाळच्या रस्त्याच्या कडेनं चाललोय. माझ्या हातात चार पुडाचा डबा, आईच्या हातात हळदीकुंकू, खण, नारळ आणि केळीचं पान. मैत्रीण सापडली एका बसच्या आणि रिक्षाच्या मधोमध. आई पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसली, पान मैत्रिणीच्या मांडीवर पसरलं, आणि स्टिअरिंगखाली सोळा भाज्यांची पंगत सुरू झाली. मी खिडकीतून तूप वाढत होते. पैठणीवर आंबील सांडली, तर मैत्रीण म्हणते, "सांडू दे गं, मला आधी पोळी दे!"

शेजारच्या रिक्षात गजरा माळलेली एक म्हातारी बसली होती. तिनं मान लांब करून पानात पाहिलं. "ओबट्टू!"

"पुरणपोळी," आई म्हणाली.

"ओबट्टू," म्हातारी ठाम.

आईनं खिडकीतून एक पोळी तिच्या हातावर ठेवली. म्हातारीनं खाल्ली, मान डोलावली आणि बोटांनी काहीतरी लाटल्यासारखं करून दाखवलं, की तुमची जाड झालीय. बाप रे! आईला एकही कानडी शब्द येत नाही, म्हातारीला मराठीचा गंध नाही, आणि दोघी अशा भांडल्या की रिक्षावाला, बसमधले लोक, सगळे खिडक्यांतून बघायला लागले. रिक्षावाल्यानं मध्ये पडून दुभाषाचं काम केलं. मोबदला म्हणून दोन पोळ्या घेतल्या. भांडता भांडता आईनं म्हातारीला कुंकू लावलं, म्हातारीनं आपल्या गजऱ्यातला तुकडा तोडून मैत्रिणीला दिला.

तेवढ्यात बस हलली. मागून भोंग्यांचा गोंधळ. "स्वल्प मुंदे होगी, मॅडम!" जरा पुढे घ्या म्हणून कुणीतरी ओरडलं. आई खिडकीतून त्याच्यावरच खेकसली, "थांब नं बाप्पा, दहीभात राहिला अजून!"

मैत्रीण एका हातानं गिअर टाकत, दुसऱ्या हातानं दहीभात खात घरी पोहोचली. आईनं ओटी गाडीतच भरली. मग आम्ही जेवलो. इतकं जेवलो की नवऱ्यानं मीटिंगमध्ये ढेकर दिली.

संध्याकाळी भांडी आवरताना विचारून टाकलं, "मग? तिकीट कधीचं काढू?"

"थांब जरा. त्या बुढीनं मले रविवारी बोलावलं, पोळी पातळ कशी करतात ते दाखवाले. रिक्षावाल्यानं पत्ता लिहून दिला."

पत्ता वाचला आणि मी कपाळावर हात मारला. "आई, हे इथल्या शिवाजीनगरच्याही पलीकडे आहे! जायला दोन तास, यायला दोन तास. सगळा दिवस ट्रॅफिकमध्ये जाईल तुझा!"

"जाऊ दे नं," आई म्हणाली. "घरात बसून कोण भेटून राहिलं मले?"