पेट्रोलला नाक लागतं

बोटीला पेट्रोल इंजिन बरं की डिझेल, असं हल्ली लोक मला विचारायला येतात. खाडीकाठची पोरं जुन्या बोटी घेतायत, त्यांना वाटतं काकीला अनुभव आहे. आहे ना. माझ्या डाव्या पायाची कातडी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चुरगळलेली आहे, तोच अनुभव. मी सांगते, डिझेल घ्या आणि घरी जा. पुढचं कुणाला सांगत नाही. ते इथे लिहिते, कारण ते आतून खातंय मला.

माझं माहेर खारबावच्या पुढे, अगदी खाडीला लागून. बाप रेती काढायचा. त्याच्या लाकडी होडीत उघडंबोडकं डिझेल इंजिन होतं, होडी वळणावर दिसायच्या आधी त्याची धडधड घरात यायची. मी दहा वर्षांची असेन, रेतीच्या जागेवरून भांडण पेटलं. पलीकडच्या होडीतले सहा जण सळया घेऊन बापाच्या होडीवर चढले. मी काठावर त्याच्या जेवणाचा डबा धरून उभी, सगळं समोर दिसत होतं. त्याचा कान फाटेपर्यंत मारला त्याला. मग एकाने डिझेलचा कॅन फळ्यांवर ओतला, काडी ओढली आणि टाकली. काडी डिझेलात पडून विझली. दुसरी टाकली, तीही विझली. बाप रक्ताने भरलेल्या तोंडाने हसला आणि म्हणाला, टाक आणखी, पेटी संपव. ते शिव्या घालत उतरून गेले. कॅनमध्ये पेट्रोल असतं तर बाप त्या दिवशी माझ्यासमोर जळाला असता, हे मला त्या वयातही कळलं.

लग्न होऊन मी टेमघरला आले. नवरा आधी पाच वर्षं कापड रंगवायच्या डाईंगमध्ये आणि नंतर तीस वर्षं स्वतःच्या लूमवर, यंत्रमागावर. लूमच्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेले, म्हणून घरात तो ओरडूनच बोलायचा, आणि त्याला ऐकू जावं म्हणून मीही ओरडायचे. शेजारणींना वाटायचं आमचं सारखं भांडण चाललंय. तसं निम्म्या वेळेला ते खरंच असायचं. दोघांचीही डोकी तापट. त्याने पहिल्या वर्षी मला थोबाडीत मारली, मी पोळपाट फेकून त्याची भुवई फोडली. 'अहो' म्हणणं त्या दिवशी संपलं, तेव्हापासून अरे-तुरेच. अभिमानाने सांगत नाही. झालं ते सांगते.

करोनात त्याचा वास गेला. घरात सगळ्यांचाच गेला होता, आमचा महिन्याभरात परत आला. त्याचा आला नाही, हे त्याने लपवून ठेवलं. एक दिवस मी बाजारातून आले तर जिन्यातच गॅसचा भपकारा. धावत वर गेले. हा देवापुढे बसलेला, हातात काडेपेटी, दिवा लावायच्या तयारीत. मी त्याच्या मनगटावर असा फटका हाणला की पेटी भिंतीवर जाऊन आपटली. त्याला वाटलं मला वेड लागलं. त्याने मला ढकललं, माझं डोकं कपाटावर आदळलं, तरी मी त्याची कॉलर धरून त्याला खिडकीशी ओढत नेला. 'गॅस' एवढंच तोंडातून निघालं. त्याने नाक वर करून दोन-तीनदा श्वास ओढला आणि त्याचा चेहरा पडला. कुठल्या लूमची मोटर जळतेय हे कारखान्याच्या दारातून वासावर सांगणारा माणूस तो. कुणाला सांगू नकोस, म्हणाला. मी त्याच्या गळ्याची शपथ घेतली.

त्यानंतर वर्षभराने त्याने लूम विकले आणि बोट घेतली. वसईच्या बाजूने आणलेली फायबरची जुनी बोट, पंचवीस फुटी, पुढे लहानशी केबिन, आत दोन माणसं निजतील एवढी फळी आणि चूल ठेवायला कोनाडा. ओहोटीबरोबर खाडीने खाली जायचं, मुक्काम बोटीतच करायचा, भरतीला परत यायचं, असं त्याचं स्वप्न. इंजिन तेवढं मेलेलं होतं. ते काढून नवीन बसवायचं होतं, आणि तिथेच आमची जुंपली.

धामणकर नाक्याजवळ एक मेकॅनिक आहे, यूपीचा, लूमच्या मोटरीपासून टेम्पोपर्यंत सगळं दुरुस्त करतो. त्याच्याकडे दोन इंजिनं होती, एक मोटारीचं पेट्रोलचं, एक टेम्पोचं डिझेलचं. त्याने दोन्ही आम्हाला चालवून दाखवली. डिझेल सुरू झालं आणि नवऱ्याने दोन्ही हातांनी कान धरले. अख्खा लूम परत त्याच्या डोक्यात शिरला, दिसतच होतं. पेट्रोलचं सुरू झालं तेव्हा त्याने चक्क विचारलं, चालू आहे का? मेकॅनिक हसला. पण हा माणूस सरळ होता, त्याने सांगितलं की गाडीत इंजिनाखाली रस्ता असतो, सांडलं तर खाली जातं. बोटीत खाली तळ असतो. पेट्रोलची वाफ जड, ती फळ्यांखाली साचून बसते आणि चावी फिरवली की एक ठिणगी पुरते. मग तो बोट नाकाला लावून म्हणाला, "पेट्रोल लेना है तो पहले नाक, फिर चाबी. रोज."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत धमकीही होती आणि विनवणीही. मी तिथेच सांगायला हवं होतं की याला नाकच नाही. शपथ आडवी आली. मी भलतंच काहीबाही बोलत बसले, डिझेल लांब जातं, डिझेल टिकतं, बापाने जन्मभर डिझेलच चालवलं. तो म्हणाला, तुझा बाप बहिरा होऊन मेला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जो पाना हाताला लागला तो मी दुकानाच्या शटरवर भिरकावला. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायला लागले. पेट्रोलचं इंजिन घेऊनच तो घरी आला.

घरी आल्यावर रात्रभर मी त्याच्याशी बोलले नाही. सकाळी अट घातली: चावीच्या आधी फळी मी उचलणार, वास मी घेणार, आणि मी 'चालव' म्हणाले तरच चावी फिरणार. मी गप्प राहिले तर बोट जागची हलणार नाही. त्याने मान्य केलं. मेकॅनिकने तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवून दिला होता, पण तळाच्या पाण्याने तो महिन्यातच जळाला आणि नवा बसवायचं राहून गेलं. उरलं माझं नाक.

आणि खरं सांगू? पेट्रोलचं सुख होतं. पाच-सहा महिने आम्ही खाडीत फिरलो. इंजिन इतकं गुपचूप चालायचं की पाण्याची चुळबूळ ऐकू यायची. नवरा मला त्या बोटीत आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात काही बोलला. काय, तर बगळा बघ. मला रडू आलं. चौतीस वर्षांच्या संसारात एवढ्या हळू आवाजात त्याने मला काही दाखवलं नव्हतं. डिझेलच्या बाजूने मी जे जे बोलले होते ते त्या दिवशी मी मनातल्या मनात मागे घेतलं.

मग एका रविवारी दुपारी त्याने आपल्या धाकट्या भावाला बायकोसकट बोट दाखवायला बोलावलं. सगळे काठावर. मी नेहमीप्रमाणे आत उतरून फळी उचलली आणि खाली वाकले. दीर हसत म्हणाला की वहिनी मांजरीसारखी काय हुंगते? नवराही हसला. तिचं डोकं जरा फिरलेलं हाय, म्हणाला, सगळीकडे वास घेत फिरते.

माझं डोकं फिरलेलं! सहा महिने मी त्याच्यासाठी त्या तेलकट भोकात तोंड घालत होते. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "याला वास येत न्हाय. मेलेला उंदीर याच्या उशाला ठेवा, याला कळणार न्हाय."

तो बोटीत उडी मारून आला आणि त्याने मला थोबाडीत मारली. एवढ्या वर्षांत तसली बसली नव्हती, कान सुन्न झाला, ओठ फुटला. मी खाली पडलेलं वल्हं उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. परत उचललं, परत घातलं. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. दीर मध्ये पडला तर त्यालाही कोपरावर बसलं. जाऊबाई रडत गाडीकडे पळाली, दीर तिच्यामागे, आणि दोन मिनिटांत काठावर कुणी उरलं नाही.

आम्ही दोघं बोटीत, धापा टाकत. तो एका हाताने खांदा धरून म्हणाला, त्यांना जायचं तर जाऊ दे, मी बोट काढणार, तुला उतरायचं तर उतर. मी उतरणाऱ्यातली नाही. पुढे केबिनच्या टोकाला जाऊन बसले, तोंडातलं रक्त पाण्यात थुंकले. मग आठवलं की वास घ्यायचा राहिला. मागे आले, फळी उचलली.

भपकन आला. रोजच्यासारखा तेलाचा नव्हे, नुसतं पेट्रोल, डोळ्यांत पाणी आणणारं. कुठला तरी पाइप ढिला झाला होता, किंवा आमच्या मारामारीत कुणाच्या तरी पायाने निसटला होता. मी फळी ठेवली, सरळ झाले, आणि परत पुढे जाऊन टोकाला बसले. 'चालव' म्हणाले नाही. 'थांब' पण म्हणाले नाही. त्या वेळी मनात काय होतं हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. त्याला मारायचं नव्हतं, देवाशपथ. पण आपण होऊन एक शब्द त्याला द्यायचा नव्हता. फुटलेल्या ओठाने त्याच्यासाठी 'थांब' म्हणायची माझी तयारी नव्हती. विचारू दे त्याला, वास आला का म्हणून. नाक घासत विचारू दे. मी मरेन हेही डोक्यात आलं नाही, एवढी मी संतापलेली होते.

त्याने चावी फिरवली.

आवाज मला आठवत नाही. फळ्या उडाल्या, एक माझ्या डोक्यावरून गेली, आणि मी पाण्यात होते. ओहोटी होती, कमरेएवढं पाणी आणि खाली चिखल. माझ्या पायाला साडी चिकटून जळली होती, ते नंतर कळलं. बोटीचा मागचा भाग धडाडून पेटलेला आणि नवरा बोटीच्या कडेवर अर्धा लोंबकळत, दोन्ही हात पुढे धरलेले, केस पेटलेले. मी चिखलातून त्याच्यापर्यंत कशी गेले माहीत नाही. त्याचा शर्ट धरून पाण्यात पाडला, डोकं बुडवलं, परत बुडवलं. तो गुदमरून हातपाय झाडायला लागला तेव्हा मला आठवलं की आता बाहेर काढायचं. मग केस, कॉलर, जे हाताला आलं ते धरून काठावर ओढला. त्याच्या तळहाताची कातडी माझ्या हातात आली.

हॉस्पिटलात तो सत्तावीस दिवस होता. दोन्ही हात, मान, अर्धा चेहरा. भेटायला येणारा प्रत्येक जण मला म्हणायचा की तू होतीस म्हणून वाचला. दीर माझ्या पाया पडला. मेकॅनिक आला, खाली मान घालून बसला, पाइपाची क्लिप मीच घट्ट करायला हवी होती म्हणाला. त्या बिचाऱ्याला मी तो दोष डोक्यावर घेऊ दिला. मी नवऱ्याला चमच्याने पेज भरवायचे आणि प्रत्येक चमच्याला घशाशी यायचं: सांग, सांग. मग नर्स यायची, नाहीतर दीर, नाहीतर माझी हिंमत जायची. मी कुणाला घाबरणारी बाई नाही. त्या पलंगावरच्या माणसाला घाबरत होते.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी वॉर्डात कुणी नव्हतं. मी पेजेची वाटी खाली ठेवली. त्याचे कान अर्धे, म्हणून हळू सांगायची सोय नव्हती, त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगावं लागलं.

"मला वास आला होता."

त्याने मान वळवली नाही, वळवता येतच नव्हती. वर पंख्याकडे बघत राहिला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू पदर नाकाला लावलास. मी बघितलं."

मला पदर लावलेला आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही.

"मग चावी का फिरवलीस?"

बँडेजमधले हात छातीवर तसेच पडलेले होते. मग त्याने माझ्याकडे डोळे फिरवले आणि त्या बोटीत बोलायचा तशा हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं, तू हात धरशील."