वसंताचे सरडे

“वसंताला साप चावला का हो?” सव्वा महिन्यात हा प्रश्न इतक्यांनी विचारला की आता उत्तर द्यायचाही कंटाळा आलाय. नाही हो, साप नाही चावला. शेलूबाजारला जीपची वाट बघत उभा होता, छातीत कळ आली आणि तिथेच खाली बसला. मी मानोऱ्याला शाळेत होतो, इंझोरीहून त्याच्या बायकोचा फोन आला. “भाऊजी, हे गेले,” एवढंच वहिनी बोलल्या. सारं आयुष्य पोटावर सरपटत साप, सरडे आणि बेडकांचे फोटो काढणारा माझा दोस्त भर बाजारात गेला...

आम्ही एका वर्गातले. मी मास्तर झालो, तो शेती करत राहिला आणि कुठून तरी जुना कॅमेरा पैदा करून रानात शिरला. जनावराला हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा. काही हौशी लोक साप धरून आणतात, टोपल्याखाली झाकून शांत करतात आणि स्वच्छ दगडावर मांडून फोटो घेतात. वसंता म्हणायचा, “हा का फोटो झाला? हा तं आधार कार्डाचा फोटो हाये.” स्वतः मात्र उन्हाळ्यात डोक्यावर ओला दुपट्टा टाकून मुरमाड माळावर तासन्‌तास पडून राहायचा. त्या दिवसांत तिथले नर सरडे दगडावर चढून गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतात. पांढरट पिशवी, मध्ये निळी रेघ. मी बाभळीखाली गप्प बसायचं, एवढंच माझं काम होतं आणि तेही मला धड जमायचं नाही. “मास्तर, खोकलू नोको,” तो मान न वळवता म्हणायचा.

चार उन्हाळ्यांपूर्वी मी माती खाल्ली. त्याचा एक फोटो मला इतका आवडला की कौतुकाच्या भरात मी तो मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकला आणि खाली माळाचा पत्ताही लिहिला. मास्तरकीची सवय, माहिती अर्धवट द्यायची नाही. पुढच्याच रविवारी माळावर मोटरसायकली पोचल्या. सोमवारी वसंता मला तिथे घेऊन गेला. एका नर सरड्याच्या कमरेला दोरा बांधून तो दगडाला अडकवला होता, फोटो निघेपर्यंत पळू नये म्हणून. सोडवायचं मात्र कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. सरडा उन्हात वाळून गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा वसंताने जनावराला हात लावला, दोरा तोडला आणि म्हणाला, “तू काहून जागा सांगतली बे?”

तो भांडला असता तर बरं झालं असतं. चहा चालू राहिला, लग्नकार्यात शेजारी बसणं चालू राहिलं, पण रानात तो एकटाच जाऊ लागला. मी आडून आडून विचारायचो, तो तुरीचं बोलायचा. हे असं चार वर्षं. मग यंदा संक्रांतीनंतर हॉटेलात कप खाली ठेवता ठेवता अचानक म्हणाला, “होळी झाली का येजो. नवा माळ हाये.” मी नुसती मान हलवली. घरी येऊन कॅनव्हासचे बूट धुऊन वाळत घातले. होळीला अकरा दिवस राहिले असताना तो गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं म्हणून शहरातून दोन माणसं आली होती, भली होती. कॅमेऱ्यात मागच्या उन्हाळ्यातले सरडेच सरडे. एका फोटोत मागे पुसट पाण्याची टाकी होती, शेजारी जुळे पळस. त्या रस्त्याने मी कितीदा तरी गेलोय. फोटो पुढे सरकवणारा माझा हात थांबलेला त्यांनी पाहिला असावा.

“सर, जागा कोणती ही? फोटोखाली लिहावी लागेल.”

“सांगा ना भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “तुमालेच ठाव असन.”

“नाही वहिनी. मले नाही ठाव.”

मी कॅमेरा बंद करून वहिनींच्या हातात दिला. थकून गेलो होतो... आयुष्यात एकदा मी गप्प राहिलो, आणि ते बघायला वसंता नव्हता.