पाणी हिंदकळू द्या

पाणी सांडलं की बोलणी खायची, हे अंजनाबाईला लहानपणापासून माहीत. उमरेडकडच्या गावात विहिरीवरून येताना लुगडं भिजलं की माय ओरडायची. लग्नानंतर ते काम सासूने उचललं. म्हणून भरल्या घागरीत कडुनिंबाची डहाळी टाकायची, पाणी हिंदकळत नाही, एवढं तिने पक्कं धरलं होतं.

नवरा गेल्यावर ती नागपुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर झाडूपोछा करू लागली. तिला कायम करणं विश्वनाथ सरांच्या हातात होतं. "उद्या दिल्लीचे पाहुणे येताहेत," सर म्हणाले होते. "तेवढं नीट पार पडू द्या, मग तुमचं बघतो."

प्रयोगशाळेत माणसाहून उंच लोखंडी सांगाडा होता. सर त्याला उंच इमारत म्हणत. खालचं टेबल मोटरने हलायचं, तो भूकंप. सांगाड्याच्या डोक्यावर काचेची पसरट पेटी होती. तिच्यात पाणी भरायचं काम अंजनाबाईचं.

सकाळी शिपाई गोविंदाने बटण दाबून पाहिलं. पाणी उसळून फरशीवर आलं.

"काहून वं अंजनाबाई, पाहुण्यायले आंघोळ घालून राहिली का?"

गोविंदा चहा सांगायला गेला तशी ती बाहेरच्या निंबाची डहाळी तोडून घेऊन आली, धुतली आणि स्टुलावर चढून पेटीत पसरली.

पाहुणे आले. "इमारत एकीकडे झुकली की पाणी उलट्या बाजूला धावतं आणि तिला आवरतं," असं काहीसं सरांनी हिंदीत समजावलं आणि बटण दाबलं. पाणी शहाण्या लेकरासारखं गप्प राहिलं. अंजनाबाईला हायसं वाटलं. पण सांगाडा गदागदा हलू लागला आणि सरांचा चेहरा उतरला.

सर स्टुलावर चढले. पाला उपसून काढला. पुन्हा बटण. या वेळी पाणी हिंदकळलं, उसळलं, मोठ्या पाहुण्यांच्या बुटांवर सांडलं. सांगाडा मात्र जेमतेम थरथरला.

आता संपलंच, म्हणत अंजनाबाई फडकं घेऊन धावली.

"राहू द्या! सांडू द्या!" सर ओरडले. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

"पहले पानी रोककर दिखाया, फिर छोड़कर! बहुत बढ़िया," मोठे पाहुणे म्हणाले.

सरांनी हातातल्या ओल्या पाल्याकडे पाहिलं, मग अंजनाबाईकडे.

"जी. वही दिखाना था."

पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला बोलावलं. "पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम. पण पुन्हा पाला टाकाल तर याद राखा."

घरी लेक तारा दारातच उभी होती. "माय, झालं का वं तुहं?"

"झालं."

"मंग तोंड काहून असं?"

"पाणी धरून ठेवलं तं सरायचं तोंड उतरलं, बुटावर सांडलं तं टाळ्या वाजवल्या," अंजनाबाई ओट्यावर टेकली. "अन् त्याच पाल्यापायी मले कायम केलं, का पाला टाकूनही केलं, थे काही समजलं नाही बाई."