मागचा हूक

कोवळ्या उन्हाची एक तिरपी पट्टी माझ्या शिलाई मशीनवर येऊन पडते, त्याच सुमारास आतल्या खोलीतून 'चर्र' असा आवाज येतो. कापड फाटताना येतो तसाच, पण त्याहून आखूड आणि कोरडा. अंगणात वाळत घातलेल्या संत्र्याच्या सालींचा कडवट-गोड गंध, मशीनच्या तेलाचा वास, कोऱ्या सुती कापडाच्या खळीचा वास, या सगळ्यांतून वाट काढत तो आवाज माझ्यापर्यंत पोचतो आणि पायडलवरचा माझा पाय क्षणभर थांबतो. आत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आपलं झंपर आपल्या हाताने घालत असतात. ते झंपर मी शिवलेलं आहे. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात हुशारीचं काम तेच, असं अख्खं सौंसर गाव म्हणतं. मला मात्र तो आवाज ऐकला की चोरी पकडली गेल्यासारखं होतं.

मी घरीच शिवते. दुकान नाही, दारावर पाटी नाही. पण एका कपड्यातून दोन-तीन कपडे काढायची मला भारी खोड, आणि ही खोड गावातल्या बायकांना ठाऊक आहे. उलटं घातलं की दुसरंच होणारं जाकीट, वाढत्या मुलीच्या परकरात आत दडवलेल्या चुणा, ज्यातली एकेक दर उन्हाळ्यात उसवायची आणि परकर मुलीबरोबर वाढवायचा, बाळंतिणीचा कुर्ता, ज्याच्या शिवणीत लपलेली पाजण्यापुरती फट बाळ मोठं झाल्यावर बंद करून टाकली की तोच कुर्ता नोकरीवर घालून जाता येतो. एकाच कामाचा सरळसोट कपडा शिवायचा म्हटलं की मला कंटाळा येतो. कापड पाटावर पसरून, खडू हातात घेऊन, ह्यात अजून काय काय मावेल याचा विचार करत बसण्यातलं जे सुख आहे, ते मला देवपूजेतही कधी मिळालेलं नाही. देवाने क्षमा करावी.

आत्याबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, ते हे झंपर शिवायच्या आदल्या वर्षी, पोळ्याच्या सुमारास. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात मात्र राहिला तो राहिलाच. रामाकोना गावच्या शेतात एके काळी दोन्ही हातांनी सपासप कापूस वेचणारी बाई. तिचा उजवा हात आता मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असे. तेव्हापासून रोज सकाळी त्यांना कपडे घालायचं काम माझ्याकडे आलं. आधी त्या मेल्या हाताला तेल चोळायचं, मग तो बाहीत अलगद सरकवायचा, हूक लावायचे, पातळाच्या निऱ्या घालायच्या, पदर काढायचा. आणि हे चालू असताना आत्याबाई बोलत. दिवसभर फारसं न बोलणारी ही बाई त्या वेळात अशी मोकळी होई की सांगता सोय नाही. तेव्हा तिगावच्या स्टेशनाची गोष्ट चालू होती. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, माहेराहून एकटीच निघालेली पोर, पांढुर्णा समजून तिगावलाच उतरली. हातात पत्र्याची पेटी, फलाटावर कोणी ओळखीचं नाही, आणि गाडी तर निघून गेलेली. ती गोष्ट त्या थोडी थोडी सांगत. कालच्या जागेवरून आज पुढे, मधेच फलाटावरच्या लिंबाच्या झाडाकडे वळून, मग पेटीत काय काय होतं त्यात रमून.

आणि मी? मी 'हं', 'हो का', 'मग?' म्हणत असे आणि मनात बाहेर पडलेल्या कापडांचे ढीग मोजत असे. लगीनसराई होती. नवरीच्या घरचे दारात येऊन बसत. खरं सांगते, एके दिवशी आत्याबाई पेटीतल्या लाडवांपर्यंत पोचल्या होत्या आणि माझं डोकं असं काही सणकलं की निरी हातातून सुटली. त्याच दुपारी मी नवं कापड पाटावर पसरलं. लोकांना वाटतं तो कपडा मी मायेने बेतला. मायेने कसला, वैतागून बेतला. मला माझी सकाळ परत हवी होती.

पण वैतागात हात चांगले चालतात, हेही खरं. झंपर पुढून पूर्ण उघडं ठेवलं. पोरांच्या बुटांना असते ना, खरखरीत, चर्रकन उघडणारी पट्टी, ती आतून लावली, मी तिला चर्रपट्टीच म्हणते, आणि बाहेरून दिसायला हुकांची खोटी ओळ काढली. उजवी बाही खांद्यापासून उघडणारी, म्हणजे हात सरकवायलाच नको, बाहीच हाताभोवती गुंडाळायची. पातळाच्या निऱ्या कायमच्या शिवून टाकल्या, कमरेला इलॅस्टिक. आणि माझी खोड काही सुटली नाही, म्हणून ते पातळ दोन्ही अंगांनी नेसता येईल असं केलं. एका अंगाने घरचं साधं सुती, दुसऱ्या अंगाने काठापदराचं.

पहिल्या दिवशी आत्याबाईंनी दार लावून घेतलं. बराच वेळ नुसती खुडबुड. मग चर्र, चर्र, आणि दार उघडून त्या बाहेर आल्या त्या हसतच.

"पाह्य वं शोभा, घातलं मी! माह्या हातानं घातलं!"

तो आनंद खोटा नव्हता. तोही माझ्या हिशेबात धरला पाहिजे. त्या शनिवारी पातळ उलटं करून, काठ मिरवत, त्या जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आल्या, आणि देवळाच्या आवारात बायका माझ्याभोवती जमल्या. पदर उलटून, शिवण चाचपून पाहिली. सून असावी तर अशी, असं एकीने आत्याबाईंच्या देखत म्हटलं, आणि आत्याबाईंनी मान डोलावली. मला तेव्हा धरणी दुभंगावी असं काही वाटलं नाही. उलट मी फुगले. त्या गर्दीतल्याच पांढुर्ण्याच्या एका बाईने आपल्या सासूसाठी तसंच सगळं शिवून मागितलं आणि घरी गेल्यावर मोबाइलवर माप पाठवलं.

माझी सकाळ मला मिळाली. शांत, सलग, उन्हाने भरलेली. काम दुप्पट व्हायला लागलं. हळूहळू मात्र त्या शांततेचाच कानाला त्रास होऊ लागला. आत्याबाई तयार होऊन बाहेर येत, खाटेवर बसत, डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितली म्हणून कापूस पिंजून देवाच्या वाती वळत, आणि गप्प असत. तिगावची गोष्ट लाडवांवर थांबली ती थांबलीच. मी विचारली नाही, त्यांनी सांगितली नाही. एके दुपारी ध्यानात आलं की या बाईला आता दिवसभरात कोणी हातच लावत नाही. आमच्या ह्यांना आईची काळजी फार. औषध आणतील, फळं आणतील, पण हात लागायचा तो सणावाराला पाया पडताना, तेवढाच. उरले होते ते माझे हात, आणि त्यांना मी सुट्टी देऊन टाकली होती.

एवढं कळलं म्हणजे मी लगेच सुधारले असेन, असं कोणाला वाटेल. कुठलं काय! कळूनही मी शिवतच बसले. हातातलं काम संपलं की जाऊन बसू, असं रोज म्हणायचं, आणि काम काही संपायचं नाही.

मग चर्रपट्टी बिघडायला लागली.

"हे चिपकून नाई राहिलं वं. जरा पाह्य बरं," आत्याबाई दारातून म्हणाल्या.

पाहिलं तर पट्टीच्या खरखरीत दातांत कापसाची पिंजण अडकलेली. वाती वळताना उडत असणार. मी त्यांच्या पुढ्यात बसून सुईने एकेक तंतू काढला. त्यांचा श्वास माझ्या केसांवर येत होता. चारच दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. माझ्यातली कारागीर जागी झाली, दुसरं काय. कापूस आत जातो म्हणजे बेतण्यातच खोट आहे. मी पट्टीवर एक झाकण शिवलं, चांगलं बोटभर रुंद, की कितीही कापूस उडाला तरी आत शिरायला जागा म्हणून नाही. जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात आत्याबाई पुन्हा दारात. मी झाकण उचललं. आत कापूस होता. पण उडून आलेला नव्हता. छान पिंजलेला, दोन बोटांत वळून बारीक केलेला, वातीसारखा, आणि पट्टीच्या दातांत या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून बसवलेला. एका हाताने. किती वेळ लागला असेल!

मी वर पाहिलं. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"उडून आला असन," त्या म्हणाल्या.

"हो, आला असन," मी म्हटलं, आणि सुई शोधायच्या निमित्ताने उठून आत गेले, कारण तिथे बसवेना. या बाईने उभ्या आयुष्यात कोणापुढे पदर पसरला नाही. 'माझ्यापाशी बस' एवढं म्हणणं तिला जमलं नाही, म्हणून माझ्या हुशारीत ती मुकाट्याने कापूस भरत बसली होती. आणि मी त्यावर झाकण शिवलं! लाज वाटली. आजही वाटते.

संक्रांतीला मी त्यांना नवं झंपर शिवलं, काळ्या खणाचं. सगळं आधीसारखंच, पुढून उघडणारं, बाही गुंडाळायची. फक्त मानेमागे, शिवणीच्या अगदी वर, एक उघडी चीर सोडली आणि तिथे एकच हूक लावला, खरा. जे स्वातंत्र्य तिने हसत हसत मिरवलं होतं, त्यातला एक टाका मी काढून घेत होते, आणि तो तिच्यासाठी की माझ्या मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"हे मांगं काहून ठेवलं वं? माहा हात नाई पुरत तिथं."

"चुकलं, आत्याबाई. बेतताना ध्यानातच नाई रायलं."

"तू अन् चुकली?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या नजरेला काय काय कळलं, कोण जाणे. मग त्यांनी पाठ फिरवली आणि डाव्या हाताने आपली बारीक, पांढरी वेणी पुढे ओढून घेतली. "चुकली तं चुकली. लाव आता."

त्यांची मान ऊबदार होती. मी हूक अडकवला, आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत, जणू कालच बोलणं तुटलं होतं अशा सुरात म्हणाल्या, "तं मी काय सांगत होती? हां. पेटीत लाडू होते अन् मले भूक लागून राहिली होती..."

त्यानंतर चर्रपट्टीत कापूस सापडलेला नाही. मी मात्र रोज झाकण उचलून पाहते.

पांढुर्ण्याचं ते झंपर पाटावर तसंच पडून आहे. सगळं शिवून झालंय, एक हूक तेवढा राहिलाय. पुढे, तिचा हात पुरेल तिथे लावू, की मागे? ज्या म्हातारीसाठी ते आहे, तिला मी पाहिलेलं नाही. तिचं माप सुनेने पाठवलं, आणि ते घेताना तरी तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला होता की जुन्या झंपरावरूनच उतरवलं, देव जाणे. पांढुर्ण्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. जाऊन म्हातारीला विचारायला हवं. पण काय म्हणून विचारू, हेच अजून सुचलेलं नाही.

आणि तिगावची गोष्ट काही संपत नाही. आत्याबाई ती अशी लांबवतात की फलाटावर ऊन चढतं, उतरतं, लाडू संपतात, लिंबाखाली कोणी म्हातारा येऊन बसतो, पण पुढची गाडी येत नाही. मी मागे उभी राहून ऐकते. हूक केव्हाच लागलेला असतो. ते त्यांनाही कळलेलं असतं आणि मलाही.