गोपची जागा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून आयुष्यभराचं सगळं बोललो, पण हे नाही. दोनदा तोंडाशी आलं आणि दोन्ही वेळा मी तिला पाणी हवंय का विचारलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट सांगताना मी नक्की कुठंतरी खोटं बोललो असतो.

मी बँडात बेस वाजवायचो. बेस म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावरून वर तोंड वासणारा तो मोठा पितळी कर्णा. चिंचवडातली पोरं त्याला सरळ भोंगा म्हणत. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. एरवी लाकडाच्या वखारीत काम आणि लग्नसराईत बँड. वरातीत लोक क्लॅरिनेटवाल्यावर नोटा ओवाळतात, ढोलवाल्यापुढे नाचतात. बेसवाल्याकडे कोण बघतं? तो थांबला तर काहीतरी गेल्यासारखं वाटतं, पण काय गेलं ते कुणाला सांगता येत नाही. हे मला लागायचं, फार लागायचं. आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

मला शिकवलं बाबूमियाँ उस्तादांनी. खडकीला पलटणीच्या बँडात उमर काढून ते चिंचवडात येऊन राहिले होते, आणि आमचा बँड त्यांचाच. मी एकदा त्यांना विचारलं, जे गाणं कधी ऐकलंच नाही ते वाजवायचं कसं?

"अरे सदा, गाणं पळून जातंय व्हय?" ते म्हणाले. "दरेक गाणं कुठंतरी येऊन बसतंयच. जिथं बसलं, तो सा. सा घावला की निम्मं गाणं तुझं. बाकीचं पंचमात भागतंय. आन् गाणं धैवतावर रेंगाळाय लागलं, की तू गुमान खाली मध्यमात उतर. एवढ्यावर जलमभर पोट भरंल तुझं."

आणि खरंच भरलं. रेडिओवर काल आलेलं गाणं असो की निघोज्याच्या मांडवातल्या बायकांचं, पहिल्या ओळीला मी सा शोधायचो, दुसऱ्या ओळीला पंचम, आणि तिसऱ्या ओळीला जणू आईच्या मांडीवर ते ऐकत वाढलोय असा वाजवायचो. एक प्रकारची थापच ती. पण तिनं कुणाचं वाईट होत नव्हतं — तोवर तरी.

पिंपरीच्या कॅम्पात तेव्हा सिंधमधून आलेली माणसं लष्कराच्या जुन्या बराकींत राहत. मध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत चार-चार बिऱ्हाडं. तिथल्या एका लग्नात आम्ही वाजवत होतो. दुपारची जेवणं उरकत आली होती. बायका गोल करून बसल्या आणि त्यांच्याकडचं लग्नाचं गाणं गायला लागल्या. नवरीचा बाप म्हणाला, बँडवाल्यांनो, तुम्हीही साथ द्या. क्लॅरिनेटनं चाल उचलली. मी सा शोधला, पंचम धरला. मग चाल धैवतावर रेंगाळली — मी मध्यमात उतरलो — आणि चुकलो. बायका तिथं थांबल्याच नाहीत, सरळ पंचमावर परतल्या. माझा मध्यम एकटाच खाली राहिला. क्षणभरच. मी लगेच सावरलो. उस्तादांशिवाय कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

पण त्या घोळक्यातली एक म्हातारी उठली. मोतीबिंदूनं तिचे डोळे दुधाळ झालेले. हातानं चाचपत ती माझ्यापर्यंत आली आणि तिनं भोंग्याच्या तोंडावर पंजा ठेवला. काय बोलत होती ते मला कळेना. मागून तिची सून धावत आली. तिनं मोडक्या मराठीत सांगितलं, की म्हातारीचा मुलगा, गोप, लग्नांमध्ये बायकांच्या मागे बसून त्यांची चेष्टा करायला जाड आवाजात खालचा सूर लावायचा. आणि याच गाण्यात, याच ओळीला, याच ठिकाणी चुकून खाली पडायचा. दर वेळेला. सगळ्या बायका त्याला हसायच्या. देश सोडताना त्यानं आई आणि नव्या नवरीला, म्हणजे हिला, कराचीच्या बंदरावर बोटीत बसवलं. घराला नीट कुलूप घालून मागच्या बोटीनं येतो, म्हणाला. त्याला सात-आठ वर्षं झाली होती.

यात भुताखेताचं काही नव्हतं, हे मला तिथंच कळलं होतं. ती चालच त्या जागी फसवी होती. कान तयार आहे पण गाणं माहीत नाही, असा कुणीही तिथं पडला असता. गोप पडला, मी पडलो. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी का बोललो नाही? म्हातारी म्हणाली, पुन्हा वाजव. उस्तादांनी मला डोळ्यांनी नाही म्हटलं. मी पुन्हा वाजवलं आणि या वेळी जाणूनबुजून पडलो. पहिली चूक होती. दुसरीला दया म्हणा हवं तर — मी तरी तेव्हा तसंच म्हटलं.

मग रविवारी दुपारी भोंगा घेऊन त्यांच्या खोलीत जायला लागलो. सगळे तिला अम्मा म्हणत, मीही म्हणू लागलो. सुनेचं नाव ईश्वरी. ती पापड लाटायची आणि चिंचवडात घरोघर विकायची. अम्मा फाटक्या आवाजात ती ओळ गायची आणि मी खालून हळू फुंकायचो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अम्मा भोंग्याशी बोलू लागली. माझ्याशी नाही — भोंग्याशी. तिची सिंधी मला तोवर अंदाजानं कळू लागली होती. तिनंच नियम घातला. ती प्रश्न विचारणार, मग ओळ गाणार. त्या जागी सूर खाली पडला, तर हो. सरळ गेला, तर नाही.

जेवलास का? मी पडलो. थंडी वाजते का? सरळ गेलो. घराला कुलूप घातलंस ना? पडलो. किल्ली तुझ्यापाशीच आहे? पडलो. तिचा चेहरा असा उजळायचा की मला रडू यायचं. आणि त्या रडण्याच्या तळाशी, अगदी खरं सांगतो, गुदगुल्या व्हायच्या. माझ्या एका सुरासाठी कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं!

एका रविवारी तिनं विचारलं, तुझ्याबरोबर तिथं आणखी कुणी आहे का? मी मनाशी ठरवलं, सरळ जायचं. आणि सूर पडला. माझ्या आधी पडला — मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. फुंकर माझीच, पण मी अजून धैवताच्या अलीकडे होतो आणि खाली मध्यम वाजत होता. अम्मानं भोंग्यावरचा हात काढून घेतला. त्या दिवशी तिनं पुढे काही विचारलं नाही. पडद्यापलीकडच्या बिऱ्हाडातलं लहान मूल, जे सारखं रडायचं, तेही गप्प होतं.

त्यानंतर इतर लग्नांतही माझं ते व्हायला लागलं. चाकणला एका वरातीत, अगदी रोजच्या पाठ झालेल्या गाण्यात, मी अचानक खाली गेलो. उस्तादांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली.

"हे कुणाचं वाजवतोयस रे?" त्यांनी विचारलं. "तुझं न्हाई हे."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या रात्री भोंगा खुंटीला लावताना त्याचं तोंड मी भिंतीकडे केलं.

आता ईश्वरीचं. तुम्ही म्हणाल, पोरगी आवडली असेल याला. नाही हो. तसं असतं तर कबूल करायला किती सोपं होतं! ती मला चिंचवडच्या रेल्वे फाटकापाशी भेटली, भर दुपारी, डोक्यावर पापडांची पाटी. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, तेवढ्या वेळात ती बोलली.

"भाऊ, मला माहीत हाय. तुमी वाजवता. ते न्हाई वाजवत."

मी मान खाली घातली.

तिच्या भावानं कल्याणच्या कॅम्पात एक स्थळ बघितलं होतं. बायको वारलेला मास्तर, माणूस चांगला. तिला जायचं होतं. हे सांगताना ती लाजली नाही, रडली नाही. नवऱ्यासोबत मी सगळे मिळून दोन महिने राहिले, म्हणाली, त्याचा चेहरा आता मला आठवायला बसावं लागतं. अम्माला तिनं सांगितलं होतं. अम्मा म्हणाली होती, गोपला विचारू. तो नसेलच, तर मी स्वतःच्या हातानं तुझी पाठवणी करीन. रविवारी ती विचारणार होती, तू जिवंत आहेस का?

"सरळ वाजवा, भाऊ," ईश्वरी म्हणाली. "एकदाच सरळ वाजवा."

मी हो म्हटलं. ती म्हणाली, शपथ नको, तुम्ही हो म्हणालात, झालं. आणि फाटक उघडल्यावर पाटी सावरत निघून गेली. चालताना ती गुणगुणत होती, हे मला अजून ऐकू येतं.

रविवारी तिचा भाऊ आलेला होता. लोखंडी ट्रंकेवर बसला होता, टोपी हातात धरून. आजूबाजूच्या बिऱ्हाडांतली माणसंही पडदे बाजूला करून उभी होती. अम्मानं भोंग्यावर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं. मग गायला लागली.

सा. पंचम. मला ते गाणं आता डोळे मिटून वाजवण्याइतकं पाठ होतं. चाल धैवतावर आली आणि माझ्या मनात काय आलं, ते सांगतो. सरळ गेलो की हे संपलं. उद्यापासून मी पुन्हा वरातीच्या मागच्या रांगेतला भोंगेवाला. एवढंच आलं. ईश्वरी कोपऱ्यात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी तिला बघितलं — आणि खाली उतरलो.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की त्याही दिवशी सूर माझ्या आधीच पडला. ओठ आपोआप गेले. गोपच होता तो. त्या आधीच्या एका रविवारचं कोडं मला आजही सुटलेलं नाही, त्याच्याच आडोशाला मी हेही लपवलं. पण नाही. त्या दिवशी भोंग्यात कुणी नव्हतं. मी ठरवलं, आणि मग वाजवलं. दोन्हींच्या मध्ये भरपूर वेळ होता.

अम्मा ओक्साबोक्शी रडली, आनंदानं. भावानं टोपी घातली. मला वाटलं, आता ईश्वरी माझ्या अंगावर धावून येईल, सगळ्यांसमोर माझं पितळ उघडं करील. मी वाट बघत होतो त्याची. मला ते हवंही होतं बहुतेक. ती आली. पण तिची नजर माझ्यावर नव्हती, भोंग्यावर होती. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, कपाळ झाकेपर्यंत. एवढ्या महिन्यांत माझ्यासमोर तिनं कधी पदर घेतला नव्हता.

"तुमी हो म्हणाला होता, भाऊ," ती अगदी हळू म्हणाली. "तुमी खोटं करणारे न्हाई. म्हणजे आज ते तुमी नव्हता."

साऱ्या कॅम्पात ती एकटीच अशी होती जिचा भोंग्यावर विश्वास नव्हता. तिचा विश्वास माझ्यावर होता.

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. ईश्वरी त्या बराकीत राहिली, बराकी पाडून घरं झाली तिथंही राहिली. अम्मा गेल्यावरही राहिली. केस पिकले, भांगातला सिंदूर तसाच.

आणि एक राहिलं. त्या दिवसानंतर मी तिकडे फिरकलो नाही, असं तुम्हाला वाटत असेल. मी पुढच्या रविवारीही गेलो. त्या दिवशी अम्मानं नाही, ईश्वरीनं भोंग्यावर हात ठेवला. पदराआडून, मला ऐकू येऊ नये म्हणून अगदी हळू तिनं विचारलं, पण मला ऐकू आलंच, माझी आठवण येते का तुम्हाला? मग ती गायला लागली. तिचा आवाज गोड होता, सुरात होता. ती धैवतावर आली.

मी उतरलो.